मेरीचा सौदा

माझा आणि गयाचा झगा नेहमी एकाच तुकड्यातून निघायचा. माय भोकरदनच्या बाजारातून छिटाचं कापड आणायची, स्वतःच बेतायची आणि हातानं शिवायची. गया माझ्याहून वर्षानं लहान, पण अंगानं माझ्याएवढीच, त्यामुळं पाठमोऱ्या आम्ही सारख्या दिसायचो. तोंडं वळवली की वेगळ्या. गया गव्हाळ, मी काळी. साधी सावळी नव्हे. चुलत्या मला तवा म्हणायच्या. गावाला डांबरी सडक झाली त्या साली आत्यानं मला डांबरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव जास्त टिकलं. माय कधी काही म्हणाली नाही. पण घरी पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ती गयाच्या हातात द्यायची आणि मला म्हणायची, "तू चुलीकडं बघ."

चुलीपाशी मला बरं वाटायचं, हेही खरं. दुष्काळ सरून दोन पिकं झाली होती. रेशनच्या मिलो जवारीच्या लाल भाकरी जाऊन घरात पुन्हा जवारी आली होती, तरी माय पीठ अजून मुठीनंच काढायची. तुराट्यांचा धूर, ठेच्याचा खकाणा, त्या खकाण्यानं उसळणारा दादांचा, म्हणजे माझ्या बापाचा, खोकला, दारात बांधलेल्या शेळीचं खूर आपटणं, आणि दिवस मावळला की विहारातून येणारे वंदनेचे आवाज, एवढं माझं जग होतं. वंदना मला तोंडपाठ होती, पण चारचौघांत माझी जीभ उचलायची नाही. कुणी नाव विचारलं तरी गया सांगायची, "हिचं नाव शेवंता." मी शेळीशी बोलायचे. तिच्याशी चांगलं बोलता यायचं.

एक गोष्ट आमच्या घरात बोलली जात नसे. गया चार-पाच वर्षांची असताना तिला दोनदा फेफरं आलं होतं. एकदा घरात, एकदा नदीवर. नदीवर माझे लक्ष्मणमामा बरोबर होते. दातखीळ बसलेल्या गयाला खांद्यावर टाकून ते पळत आले, आणि मी मागून रडत आले, तिच्यासारखाच झगा घातलेली. त्यानंतर तिला पुन्हा कधी काही झालं नाही. पण मायनं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "हे भाईर गेलं तर ही जलमभर घरात राहीन." मी ते कुणाला सांगितलं नाही. शेळीलासुद्धा नाही.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं हसनाबादला चालत जावं लागायचं. चौथी पास झाले तेव्हा गुरुजी घरी येऊन म्हणाले, पोरीला पाठवा. दादा एका शेतकऱ्याकडं सालानं होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, नुसते टोपी झटकत राहिले. मी पाचवीत गेले नाही. गया तर तिसरीतूनच बसली, तिला शाळा नकोच होती. मी मात्र पुड्यांचे कागद वाचायचे. किराणाची पुडी सोडली की कागद पाटीवर ताणून ठेवायचा आणि तेलाच्या डागातून अक्षरं लावायची.

मी पंधरा वर्षांची झाले त्या साली माझ्यासाठी तीर्थपुरीचं स्थळ आलं. आणलं प्रल्हाददादानं. हा आमच्या भावकीतला, मास्तरकीचं शिक्षण घेणारा. त्याच्याबरोबर भास्कर नावाचा मुलगा शिकत होता. घरात तो आणि त्याची आई यमुनाबाई, दोघंच. प्रल्हाददादानं त्याला आधीच सांगितलं होतं की मुलगी काळी आहे. त्यावर तो म्हणाला म्हणे, "रंगाचं काय करायचंय? चौथी पास हाये ना, मंग पुढं शिकवू तिला. सातवी करू." हे वाक्य प्रल्हाददादानं आमच्या ओसरीत सांगितलं आणि मी आत पीठ मळत होते. सातवी करू. ते पीठ मी इतकं मळलं की माय म्हणाली, आता त्याची कणीक होईल. लग्न म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं. मला सातवी दिसत होती.

यमुनाबाईंनी मला अजून बघितलं नव्हतं. जयंतीला दोघं मायलेक येतील, जयंतीही होईल, मुलगीही बघतील, आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू, असं ठरलं.

त्याच साली प्रल्हाददादानं जयंतीत नवं काढलं. भिंतींना पांढरी माती लावून झाली होती, निळी निशाणं शिवायला टाकली होती, आणि सगळी वस्ती विहारापुढं बसली असताना तो हातात एक मासिक घेऊन उभा राहिला.

"तिकडं अमेरिकेत आपल्यासारखीच माणसं हायेत," तो म्हणाला. "काळी. त्यांच्या वाडवडलांना जहाजात कोंबून आणलं आन् ढोरासारखं विकलं."

"त्यांच्याकून काय काम करून घेत व्हते?" आत्यानं विचारलं.

"कापूस येचायचं."

बायांच्या घोळक्यात सगळी चुळबुळ थांबली. इतका वेळ ती माणसं कुठल्या तरी गोष्टीतली होती. "कापूस?" माय म्हणाली. "आपल्यावाणीच, कमरेला झोळ बांधून?" प्रल्हाददादानं मासिकातला फोटो फिरवला. फोटो अंधुक होता, पण वाकलेली पाठ आणि बाजूला ओढत नेलेली लांब झोळी दिसत होती. बाया तो फोटो एकमेकींच्या हातातून घेऊन बोटांनी चाचपून बघत होत्या. आत्या म्हणाली, "बोंडाचं टोक नखात घुसत असंल त्यांच्याबी."

"आता ते लोक दरसाल आपला इतिहास साजरा करत्यात," प्रल्हाददादा सांगत राहिला. "आठ-आठ दिस. शाळंत, गल्लीत. गाणी म्हणत्यात, जुन्या माणसांच्या गोष्टी सांगत्यात. औंदाच्या जयंतीत आपण एक गाडी त्यांची काढू."

"ते आपली जयंती करत्यात का?" मागून दगडूनं विचारलं. दगडू मजुरीला जायचा आणि वस्तीतल्या सगळ्या सोंगांत तोच पुढं असायचा.

"त्यांना आपण हाओत हेच ठावं न्हाई."

"मंग एक कारड टाका की. म्हणावं, आमी तुमची करून राह्यलो, तुमीबी आमची करा."

सगळे हसले, आणि गाडी ठरली. बैलगाडीवर एका बाजूला कापूस वेचणाऱ्या बाया, गाणं म्हणत. दुसऱ्या बाजूला माणसांचा बाजार. दगडू गोरा साहेब होणार, तोंडाला जवारीचं पीठ लावून. त्यावरून त्याच्या बायकोनं बरंच तोंड वाजवलं, पण मूठभर पीठ दिलं.

अडचण आली ती बाजाराची. प्रल्हाददादा म्हणाला, तिकडं मोठ्यानं बोली लावून विकायचे. लक्ष्मणमामांना ते पटलं नाही. मामा भोकरदनच्या बैलबाजारात एका हेड्याच्या, म्हणजे बैलांच्या व्यापाऱ्याच्या, हाताखाली होते. ते म्हणाले, "बोंबलून कुणी सौदा करतं का? इज्जतीचा सौदा रुमालाखाली व्हतो." मग त्यांनी करून दाखवलं. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. त्याआधी जनावराचे दात बघायचे, चालवून बघायचं, आणि शेवटी घेणाऱ्यानं विचारायचं, "खोड?" विकणाऱ्यानं चारचौघांत सांगायची. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. मामांची बाजारात एकच मिरास होती, त्यांनी कधी खोड लपवली नव्हती. अमेरिकेतला बाजार आमच्यापैकी कुणी बघितला नव्हता आणि भोकरदनचा सगळ्यांनी बघितला होता. प्रल्हाददादानं मान तुकवली.

"विकायची कोण?" तो म्हणाला.

कुणीच माझं नाव घेतलं नाही. नुसते बघायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळे. बाकीच्या बायांना तव्याची काजळी लावायची ठरली होती. आत्या म्हणाली, "हिला काई लावायची गरज न्हाई. तेवढीच काजळी वाचंल." त्या दिवशी जितकं हसू झालं तितकं दगडूच्या पिठावरूनही झालं नव्हतं. प्रल्हाददादाही हसला. हातात ते मासिक धरून.

माझ्या नातीनं मागं मला मोबाईलवर त्या लोकांचा सोहळा दाखवला. ढोल, रंगीत कपडे, म्हाताऱ्या बाया खुर्च्यांत बसलेल्या आणि लेकरं त्यांच्यापुढं गाणारी. एक बाई माझ्याहून काळी होती आणि तिनं पिवळंधमक नेसलं होतं. मी नातीला ते पुन्हा लावायला सांगितलं. ती म्हणाली, आजी, तुला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, काही नाही.

मी दादांना सांगून बघितलं की मला गाडीवर जायचं नाही. दादा म्हणाले, "पाव्हण्यांना दिसंल की पोरगी सभाधीट हाये. सातवी शिकायची म्हणतीस ना?" मी तालमीला गेले. मला एकच वाक्य होतं. सौदा झाला की उठायचं, हातातली दोरी टाकायची आणि म्हणायचं, "माझं नाव मेरी. मला विकता येणार नाही." मेरी यासाठी, की तिकडचं म्हणून वस्तीला तेवढंच नाव माहीत होतं, जालन्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईचं. मी ते वाक्य पंधरा दिवस शेळीपुढं म्हटलं. तालमीत मामा रोज विचारल्यावर सांगायचे, "खोड? खाती जादा." आणि सगळे हसायचे.

जयंतीच्या दिवशी सकाळी गव्हाच्या खिरीचा वास सगळ्या वस्तीत होता. यमुनाबाई आणि भास्कर पहिल्या मोटारीनं आले, प्रल्हाददादाकडं उतरले. भास्करला मी पाठीमागून बघितलं, पांढरा सदरा, मानेवर घाम. दुपार कलताना गाड्या निघाल्या. आमची तिसरी. बैलांचा कासरा दादांच्या हातात होता. माय आणि आत्या कमरेला झोळ बांधून, तोंडाला काजळी फासून, वेचणीचं गाणं म्हणत होत्या, तेच जे त्या दर दिवाळीनंतर शेतात म्हणायच्या. शाळेच्या पटांगणात गाडी उभी राहिली. वस्ती पुढं बसली होती. यमुनाबाई अगदी पुढं, गया त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन. मागं गावातले शेतकरी उभे होते, मामांच्या बाजारातले ओळखीचे.

माझ्या हाताला दोरी होती. मामांनी मला चालवून दाखवलं. जबड्याला धरून तोंड उघडलं, दात दाखवले. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता. पिठाच्या तोंडाचा दगडू माझ्याभोवती फिरला, दंड दाबून बघितला, लोक हसत होते. मग दोघांनी रुमालाखाली हात घातले आणि सगळं पटांगण खरंच गप्प झालं. सवयीनं. मागचे शेतकरीसुद्धा माना उंच करून बघायला लागले.

"खोड?" दगडू म्हणाला.

मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एक शेतकरी बोलला, "लक्षिमन, बाजारात सांगतूस तशी बराबर सांग हां. इथं बदलू नको."

मामांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावरचं सोंग उतरलं. पाठ ताठ झाली. ते आता गाडीवर नव्हते, बाजारात होते. "लक्षिमननं कधी खोड लपवली न्हाई," ते म्हणाले. "फेफरं हाये. बारकी असताना दोनदा आल्तं. एकदा तर म्या सोता नदीवरून खांद्यावर आणली."

आधी कुणी हसलं नाही. मग पाठीमागून कुणीतरी हसलं आणि सगळे हसले, कारण सोंगात सगळं चालतं. यमुनाबाई हसल्या नाहीत. मायचं गाणं तुटलं होतं. मी मायकडं बघितलं. काजळीतून तिचे डोळे मोठे दिसत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती खाली बसलेल्या गयाकडं बघत होती. एवढ्यात तिला जे ठरवायचं होतं ते तिनं ठरवलं असावं, कारण तिनं गाणं पुन्हा उचललं, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि आत्याला कोपरानं ढोसून तिलाही म्हणायला लावलं.

माझं वाक्य राहिलं होतं. मी उठून उभी राहिले, दोरी टाकली. गाडीखालून प्रल्हाददादा सांगत होता, "माझं नाव... बोल, माझं नाव..." मला नाव आठवत होतं. मेरी आठवत होतं, शेवंताही आठवत होतं. जीभ उचलली नाही. शेवटी ते वाक्य प्रल्हाददादाच खालून मोठ्यानं बोलला, बाप्याच्या आवाजात, आणि टाळ्या झाल्या. गाडी हलली.

घरी आल्यावर मी डाळ ढवळत होते तेव्हा माझ्यासमोरच सगळं बोलणं झालं. कुणी आवाज बारीक केला नाही. माय मामांना म्हणाली, "आरं, ती न्हाई. गया व्हती ती."

मामा उभेच राहिले. "मला तर थोरलीच याद व्हती. तोच झगा." मग वळले. "आत्ता जाऊन सांगतो त्या बाईला."

मायनं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "बस खाली. काय सांगशील? ही न्हाई, ती? मंग दोघीबी राहतील घरात."

मामा दादांकडं बघायला लागले. दादा उंबऱ्यात बसून पायातला काटा काढत होते. वर न बघता म्हणाले, "एकीचं नाव गेलं ते गेलं. दुसरीचं कशाला घालवता?" मामा खाली बसले. गया भिंतीकडं तोंड करून निजली होती, किंवा निजल्यासारखं करत होती. माय माझ्याकडं वळून म्हणाली, "डाळ लागंल बुडाला." मी पळी फिरवली.

सकाळी मी आडावर गेले तर यमुनाबाई तिथंच तोंड धूत होत्या. पलीकडं लिंबाखाली भास्कर काडीनं दात घासत होता. यमुनाबाईंनी मला जवळ बोलावलं. वाईट बाई नव्हत्या. पदरानं माझा गाल पुसला, काही लागलेलं नसताना.

"तुझा राग न्हाई पोरी," त्या म्हणाल्या. "काम बेस केलंस काल. पर माझं एकुलतं एक हाये, मला समजून घे. तुझा मामा खोटं बोलला का?"

मी पोहरा आडात सोडला.

"बरं. मंग एक सांग. तुझी बारकी बहीण, तिला तसलं काई हाये का? तुझ्या मायला इचारून फायदा न्हाई. तू सांग, मी इश्वास ठिवीन."

भास्करची काडी थांबली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ, आणि मग लिंबाच्या बुंध्याकडं तोंड केलं. तो काही बोलला असता तर मीही बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण तो बोलला नाही. आणि जी जीभ आदल्या दिवशी दोनशे माणसांपुढं उचलली नव्हती, ती त्या दिवशी स्वच्छ चालली.

"न्हाई," मी म्हटलं. "तिला काई न्हाई."

घागर घेऊन वळले तर माय कुडाच्या आडोशाला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या डोक्यावरची घागर उतरवून घेईल असं मला वाटलं. तिनं चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "चल, पाव्हण्यांचा च्या व्हायचाय."

त्याच दिवशी सुपारी फुटली. गयाची. प्रल्हाददादा जाताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुझ्यामुळं गाडी रंगली बघ. त्या लोकांचं दुःख कळलं सगळ्यांना." त्याला खरंच तसं वाटत होतं. पुढच्या साली त्यानं दुसरं काही काढलं, त्या लोकांची गाडी पुन्हा निघाली नाही. मामांनी मात्र बाजार सोडला. कारण कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरी ते आले की माझ्या हातचं पाणी घेताना खाली बघायचे.

भास्करनं शब्द पाळला. गयाला रडत-ओरडत का होईना त्यानं सातवी केलं आणि तिला बालवाडीत लावलं. जयंतीला ती भाषण करते. चांगलं करते, मी ऐकलं आहे.

मला दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मग जालन्याकडच्या एका बिजवराला दिलं, त्याला दोन लेकरं होती. माझं नाव माझ्याआधी त्या गावाला पोचलं होतं. मी मुळातच गप्प राहणारी. भाकर थापताना, नाहीतर दारात बसल्या बसल्या, माझं लक्ष कुठंतरी जायचं. सासूला वाटायचं आता हिला फेफरं येणार. ती पायतान घेऊन धावत यायची आणि माझ्या नाकाशी धरायची. नवरा माझे हात धरायचा. मला काही झालेलं नाही हे सांगायला मी तोंड उघडलं की ते म्हणायचे, दातखीळ सुटली, बरं झालं. वीस वर्षं हे चाललं. पुढं पुढं मी तोंडच उघडायचं सोडलं, पायतान निघून जाईपर्यंत डोळे मिटून बसायचे. तेवढ्यानं लवकर संपायचं.

एकदा गया भेटायला आली होती. खांद्याला पर्स, पायात चप्पल, बालवाडीची बाई. मी तिच्यासाठी चहा केला आणि समोर बसले. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून गप्प होते. सासू आतून पायतान घेऊन आली आणि माझं डोकं दाबून ते नाकाला लावलं. गया कप हातात धरून बघत होती. सगळं झाल्यावर सासूनं पायतान खाली टाकलं आणि तिला म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हायेत म्हणून इचारते. हिला हे कवापासून हाये?"

गयानं माझ्याकडं बघितलं. पुरेसा वेळ बघितलं.

"लहानपणापासूनच," ती म्हणाली. "माय लई जपायची हिला."

मग तिनं चहा संपवला आणि कप माझ्याकडं दिला. मी तो आत नेऊन विसळला.